झोपलेले कांदे आणि आमची तपासणी समिती

शनिवार, श्रावणातला पहिला. दुपारी चार. ठिकाण: कोल्हारच्या आमच्या वाचनालयाचा बालविभाग, म्हणजे मोठ्या कपाटामागची सतरंजी.

हजर: मी, ग्रंथपाल. गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक, भाषेचे जाणकार म्हणून. आबा, वाचनालयाचे उपाध्यक्ष, कांदा आणि उसाचे शेतकरी. झेरॉक्सवाल्या वहिनी, तांत्रिक सल्लागार, कारण गावातलं सगळ्यात जोरात चालणारं इंटरनेट त्यांच्या दुकानात आहे. शिवाय आबांची नात, इयत्ता चौथी. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण तिच्यामुळेच सगळं चाललं होतं.

गैरहजर: वाचनालयाचे अध्यक्ष. ते नेहमीच गैरहजर असतात, तरी मी नोंद करते.

विषय: मुलांच्या कवितांची एक वेबसाइट. ती चांगली आहे का, आणि पोरांना तिच्यावर सोडायला हरकत नाही ना, हे ठरवणं.

कुठलीही गोष्ट हजेरीपासून सुरू केल्याशिवाय मला पुढचं आठवत नाही. घरीसुद्धा मी वर्षाचा मसाला करायला बसले की आधी कोण कोण हजर आहे ते बघते, मग मिरच्या बघते. तेव्हा हे असंच सांगणार.

वेबसाइटचा पत्ता शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर आला होता. ‘मुलांच्या कविता, मुलांसाठी. तुमच्या मुलाची कविताही पाठवा.’ त्यावर निम्म्या पालकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली आणि उरलेल्यांनी ‘असल्या लिंक उघडू नका, खात्यातले पैसे जातात’ असे इशारे टाकले. काहींनी दोन्ही टाकलं. शेवटी मुख्याध्यापकांनी लिहिलं, ‘वाचनालयाने तपासून कळवावे.’ तपासून कळवा असं कुणी म्हटलं की माझा हात आपोआप पेनाकडे जातो.

आबांच्या नातीचं प्रकरणही त्याच दिवसांतलं. शाळेत दरवर्षी मुलांचं हस्तलिखित निघतं. त्यासाठी तिनं एक कविता दिली आणि वर्गाच्या बाईंनी ती परत केली. ‘छान आहे, पण मोबाईलवरून उतरवलेली नको, स्वतःची आण,’ असं सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या. पोरगी भांडली नाही, रडली नाही. दप्तर पाठीला लावून तडक वाचनालयात आली आणि माझ्या टेबलावर घडी केलेला कागद ठेवला.

“मावशी, त्या वेबसाइटवर माझ्या नावानं आली, म्हंजे मग ती माझीच ना?”

मी कागद उघडला.

चाळीत कांदे झोपलेत
कुणी मोठ्यानं बोलू नका
भाव आला की आबा उठवतील
तोवर मी राखण करते
एक कांदा जागा आहे
त्याला पण माझ्यासारखी झोप येत नाही

आमच्याकडे चाळ असते ती कांद्यांची. बांबूच्या पट्ट्यांचं लांबलचक शेड, हवा खेळती राहील असं. उन्हाळ्यात भरायचं आणि चांगला भाव येईपर्यंत बघत बसायचं. त्या चाळीशेजारी ही पोरगी वाढली. कवितेतलं मला फार कळत नाही. मला कपाट, क्रमांक आणि पुस्तक परत करायची तारीख कळते. पण ही कविता कुठल्या मोबाईलवर सापडणार नाही एवढं मलाही कळलं.

“तुझीच आहे,” मी म्हटलं.

“तुम्हाला म्हाईती. त्यांना न्हाई ना.” कागदाची पुन्हा घडी घालून तिनं तो दप्तरात ठेवला. “हस्तलिखित गणपतीनंतर बांधणारेत.”

म्हणून ती समिती, आणि म्हणून ती घाई.

फळ्यावर मी मुद्दे लिहून ठेवले होते. वेबसाइट कोण चालवतं? काय छापतं? पोराकडून काय काय माहिती मागतं? परका माणूस पोराशी बोलू शकतो का? एकदा टाकलेलं काढून घेता येतं का? जाहिराती कसल्या?

गुरुजी आले ते कागदांचा गठ्ठा काखेत मारूनच. त्यांना पडद्यावरचं वाचवत नाही, म्हणून त्यांनी वहिनींकडून वेबसाइट छापून घेतली होती. जमेल तेवढी सगळी. वर लाल पेनानं तपासलीही होती.

“गुरुजी, वेबसाइट तपासायचीय. पेपर नव्हेत,” मी म्हटलं.

“बाई, तपासणं ते तपासणं.”

त्यांनी प्रत्येक कवितेला दहापैकी गुण दिले होते. बेडकावरच्या एका कवितेला चार. शेरा: ‘विषय चांगला, यमक कच्चे.’ चंद्रावरच्या कवितेला सहा, कारण चंद्र गोल आहे हे बरोबर होतं. आबांच्या नातीनं मान तिरकी करून बेडकाची कविता वाचली आणि म्हणाली, “ही तर लई भारी हाय.” गुरुजींनी कागद उलटा ठेवला.

प्रत्यक्ष वेबसाइट वहिनींच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर बघायची ठरली होती, पण तिथली वीज तेवढ्यात गेली, म्हणून आबांचा मोबाईल घेतला. चिमणीची एक कविता उघडली. चिमणी दिसायच्या आत पडद्यावर पत्त्यांचा डाव आला, नोटा उडाल्या आणि एक गॉगलवाला माणूस ‘आजच खेळा’ म्हणून ओरडायला लागला.

“बघा!” गुरुजी म्हणाले. “हे तुमचं बालसाहित्य.”

मी फळ्यावर ‘जाहिराती’च्या पुढे ‘वाईट’ असं लिहिलंसुद्धा. पण वहिनींनी मोबाईल हातात घेतला आणि घड्याळ उघडलं. घड्याळातही तोच गॉगलवाला. गणकयंत्र उघडलं. तिथंही हजर.

“आबा, वेबसाइट चांगली हाय. तुमचा मोबाईलच नासलाय. काय घेतलंय ह्यात?”

“काय न्हाई बा. एक उजेडाच्या बॅटरीचं घेतलं हुतं. मोटार चालू करायला जावं लागतं अंधाराचं.”

“मोबाईलला बॅटरी असतीच की मुळातली!”

“ती बारीक हाय.”

वहिनींच्या मोबाईलवर तीच चिमणी उघडली. गॉगलवाला आला नाही, कुणीच आलं नाही. मी ‘वाईट’ पुसून ‘नाहीत’ लिहिलं आणि आबांचा मोबाईल दुरुस्तीला देणं हे वेगळं काम म्हणून मागच्या पानावर टाकलं.

पुढचा मुद्दा, कोण चालवतं. वेबसाइटच्या शेवटी एका बाईंचा फोटो होता आणि फोन नंबर. मी काय काय विचारायचं ते कागदावर मांडत होते, तेवढ्यात आबांनी फोन लावलासुद्धा.

“हॅलो. राम राम. कोल्हारवरनं बोलतोय. ताई, तुमी मूळच्या कुठल्या?... आसं आसं. आन् माहेर?... श्रीरामपूर! श्रीरामपुरात कुठं?... मग ते कापसाच्या आडतीवालं तुमचे कोण?... आत्याचे दीर! आवो, मग तुमी आमच्या पाव्हण्यातल्याच की!”

चिमणी, बेडूक आणि चंद्र बाजूला राहिले. आबांनी तिच्या आत्याच्या दिराच्या थोरल्याचं लग्न कुठं झालं, जेवणात काय होतं आणि कोण रुसलं इथपर्यंतची खात्री करून घेतली. मग फोनवर हात ठेवून आम्हाला निकाल सांगितला.

“सेफ हाय.”

“आबा, पाहुणे निघाले म्हणजे वेबसाइट सुरक्षित झाली असं नसतं.”

“मग कशी आसती? वळखीच्या माणसाला लाज आसती, बाई. बिनवळखीच्याला कशाची आली?”

मी ते फळ्यावर एका कोपऱ्यात लिहिलं, आणि फोन हातात घेऊन माझे प्रश्न विचारले. त्या बाई शांतपणे उत्तरं देत होत्या. कविता आली की आधी आई किंवा वडिलांना फोन करून होकार घेतात. छापताना फक्त पहिलं नाव, इयत्ता आणि जिल्हा. आडनाव नाही, शाळा नाही, गाव नाही, फोटो नाही. पालकांनी काढायला सांगितलं की त्याच दिवशी काढतात. प्रतिक्रिया आली की आधी त्या स्वतः वाचतात, मगच दिसते.

“आणि पालकांनीच फोटोचा हट्ट धरला तर?”

“मग पालक माझ्यावर चिडतात, आणि मी ऐकून घेते.”

मला बाई आवडल्या. पण कुणी सांगितलं म्हणून मी खूण करत नाही, करून बघितल्यावरच करते. तेव्हा असं ठरलं की आपल्यापैकी एकानं परका माणूस होऊन प्रतिक्रिया टाकायची आणि काय होतं ते बघायचं. परका माणूस व्हायला गुरुजी उत्साहानं तयार झाले. वहिनींनी टाईप केलं, गुरुजींनी सांगितलं. बेडकाच्या कवितेखाली त्यांनी पाठवलं ते असं: ‘दुसऱ्या व चौथ्या ओळीत यमक साधलेले नाही. कष्ट घ्यावेत. वाचन वाढवावे. शुभाशीर्वाद.’

पुढच्या शनिवारी पुन्हा बैठक. हजर: तेच. आबांचा मोबाईल दुरुस्त.

गुरुजी आले, पण बसले नाहीत. सतरंजीच्या कडेला उभं राहून त्यांनी खिशातून कागद काढला. वेबसाइटचं उत्तर त्यांनी छापून आणलं होतं.

“वाचा,” ते मला म्हणाले. “मोठ्यानं वाचा.”

मी वाचलं. “‘नमस्कार. आपली प्रतिक्रिया प्रसिद्ध करता येत नाही. कवी सात वर्षांचा आहे आणि ही त्याची पहिली कविता आहे. कविता वाचताना आपल्याला काय दिसलं ते लिहून पाठवलंत तर त्याला आनंद होईल.’”

वहिनींनी पदराचं टोक तोंडात घातलं. आबा खिडकीबाहेर बघायला लागले, पण त्यांचे खांदे हलत होते.

“मला!” गुरुजी म्हणाले. “ह्या पंचक्रोशीतले डॉक्टर, वकील, झेडपीचे मेंबर, सगळ्यांची शुद्धलेखनं माझ्या हाताखालून गेली. आणि माझी प्रतिक्रिया प्रसिद्ध करता येत नाही!”

मी उठून फळ्यावर ‘परक्या माणसापासून मुलांचं संरक्षण’ ह्या मुद्द्यापुढे ‘उत्तम’ असं लिहिलं.

“मी परका?”

“त्या बेडकासाठी, गुरुजी.”

ते बसले. चहा आला तेव्हा कपातच बघत म्हणाले, “त्या पोराचा बेडूक आमच्या न्हाणीतल्यासारखाच आहे. पाणी ओतलं की नाराज होतो.” वहिनींनी तेवढंच टाईप करून पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी ते वेबसाइटवर आलं, खाली गुरुजींचं नाव. तेव्हापासून गुरुजी रोज सकाळी दुकानात जाऊन आपल्या प्रतिक्रियेला कुणी काही म्हटलंय का ते वहिनींना उघडून बघायला लावतात. लाल पेन आणत नाहीत.

तर निकाल तयार होता. वेबसाइट चांगली. पोरांना वाचायला, आणि पालकांच्या होकारानं लिहायलाही, हरकत नाही. मी अहवाल लिहायला घेणार, एवढ्यात आबांच्या नातीनं शाळेसारखं बोट वर केलं.

“मावशी, आडनाव न्हाई छापणार?”

“नाही. तेच तर तिचं चांगलं आहे.”

“मग माझी कशी कळंल? आमच्या वर्गात माझ्या नावाच्या तिघी हायेत.”

आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. हा मुद्दा फळ्यावर नव्हता.

वहिनी म्हणाल्या, “आपन त्या बाईंना सांगू, एवढ्या एकीचं आडनाव टाका म्हणून. आता तर पाव्हणं हायेत.”

सगळ्यात कडक निघाले ते आबा. “आजाबात न्हाई,” ते म्हणाले. “पोरीच्या जातीचं नाव, आडनाव, गाव, समदं त्या इंटरनेटवर? कोन कुठला बघंल, कोन काय करंल! नियम म्हंजे नियम. लिवा बाई ठरावात, नाव न्हाई, फोटू न्हाई, गाव न्हाई. माझी सही घ्या खाली.”

मी लिहिलं. त्यांची सही घेतली. आबांसारखा माणूस इतकं नेमकं बोलला याचं मला कौतुकच वाटलं होतं.

नात उठली. तिच्या वाटणीचा पेरू तिनं सतरंजीवरच ठेवला आणि निघून गेली. मी मागून हाक मारली, तर दारातून म्हणाली, “मग काय उपेग?” कविता पाठवायची की नाही असं मी तिच्या आईला विचारलं. आई म्हणाली, “पाठवा. आलेली बघून खुलंल जरा.” पाठवली.

आठवड्याभरात आली. सुंदर दिसत होती. खाली पहिलं नाव, इयत्ता चौथी, जिल्हा अहिल्यानगर.

आणि त्याच संध्याकाळी, पोरीच्या नावाच्या ज्या तिघी वर्गात होत्या, त्यातल्या दुसऱ्या एकीच्या आईनं गल्लीत पेढे वाटले.

तिचाही दोष नव्हता. गटावर वेबसाइटचा पत्ता, त्यावर मुलीचं नाव, मुलीचा वर्ग, मुलीचा जिल्हा. मुलीला विचारलं, ‘तू लिहिलीस का गं?’ तर म्हणे मुलगी ‘बहुतेक’ म्हणाली. एक पेढा आबांच्या घरी गेला. एक माझ्याकडेही आला. मी तो खाल्ला, मग कशाचा ते विचारलं.

त्यानंतर चार-पाच दिवस आबा वाचनालयात फिरकले नाहीत. मला वाटलं, कांद्याच्या गडबडीत असतील.

सोमवारी सकाळी मी राहुरीला जायला स्टँडवर उभी होते. नगर-मनमाड रस्ता, नेहमीसारखी वाहनांची रांग, शिर्डीच्या गाड्या, उसाचे रिकामे ट्रॅक्टर. सहज वर पाहिलं आणि माझी एसटी माझ्यादेखत निघून गेली.

चौकातल्या सगळ्यात उंच खांबावर फ्लेक्स लागला होता. एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाला लागतो त्या मापाचा. मधोमध आबांची नात, मामाच्या लग्नातला फोटो, डोळ्यांवर गॉगल. वर सोनेरी अक्षरांत ‘कोल्हारची शान’. मग तिचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, इयत्ता, तुकडी, शाळा, आणि ‘राहणार: बेलापूर रस्ता, मोठ्या कांदा चाळीमागे’. ‘इंटरनेटवर कविता झळकल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ संपर्कासाठी आबांचा मोबाईल नंबर. कविता एका कोपऱ्यात, औषधाच्या बाटलीवर असतात तेवढ्या अक्षरांत. आणि सगळ्यात खाली, ‘शुभेच्छुक: तपासणी समिती’, आमचे ओळीनं फोटो. माझा फोटो निवडणूक ड्युटीच्या ओळखपत्रावरचा होता. त्यात मी मतपेटी हरवल्यासारखी दिसते.

मी राहुरी रद्द केली आणि आधी झेरॉक्सच्या दुकानात गेले. फ्लेक्स गावात त्याच करतात.

“वहिनी, काय केलंत हे? समितीचा ठराव काय होता?”

“ताई, ठराव इंटरनेटचा हुता.” त्यांनी शांतपणे माझ्यापुढे स्टूल सरकवलं. “फ्लेक्सचा कुठं हुता? आन् तुमचा फोटो मी जरा उजळ केलाय, बघितलं का?”

तिथून मी आबांच्या चाळीवर गेले. आबा बांबूच्या पट्ट्यांतून हात घालून कांदे चाचपत होते.

“आबा, नाव नाही, फोटो नाही, गाव नाही. तुमची सही आहे माझ्याकडे.”

“हाय की. मी टाकलं का काय इंटरनेटवर?”

“चौकात टाकलंत!”

“चौक आपला हाय. गावातलं गावात.”

“आबा, त्या रस्त्यानं अख्खा देश जातो.”

“जातो,” आबा म्हणाले. “थांबतो व्हय?”

मी त्यांना समजावत होते, वेबसाइटवरचं एका फोनवर निघतं, खांबावरचं निघत नाही. गॉगल नको, पत्ता तर नकोच नको. आबा ऐकून घेत होते. मग एक नासका कांदा बाहेर फेकून म्हणाले, “बाई, त्यांनी पेढं वाटलं. आमच्या पोरीनं दोन दिस ताटात हात घातला न्हाई. मी काय करावं मग?”

एवढ्यात त्यांचा फोन वाजला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला.

“हिच्या वर्गाच्या बाई हायेत,” ते मला कुजबुजले. बाई रोज श्रीरामपूरहून स्कूटीवर येतात. चौकात फ्लेक्स पाहून त्यांनी त्याच्यावरच्याच नंबरला फोन लावला होता. पलीकडचा आवाज मलाही येत होता. ज्या कवितेबद्दल मला शंका आहे तिचे तुम्ही फ्लेक्स लावता, पोरांपुढे काय आदर्श ठेवता, असं चाललं होतं.

“बाई, तुमी या हितं,” आबा म्हणाले. “पत्ता फ्लेक्सवर हायच.”

शाळा सुटल्यावर बाई आल्या. स्कूटीवर मागं पोरगी. मी थांबलेच होते. बाईंनी हेल्मेट काढलं, आबांना नमस्कार केला आणि सरळ पोरीला विचारलं, “हे बघ, मी रागावणार नाही. ‘एक कांदा जागा आहे’ ही ओळ तुला कुणी सांगितली?”

“कुणी न्हाई. तो हाय ना जागा.”

“म्हणजे?”

पोरगी चाळीच्या मागच्या कोपऱ्यात गेली आणि उकिडवी बसली. बाई तिच्यामागे गेल्या, साडी सावरत त्याही बसल्या. बांबूच्या दोन पट्ट्यांमधून एका कांद्याची हिरवी पात वीतभर बाहेर आली होती, उजेडाकडे वळलेली. आजूबाजूचे सगळे कांदे सालीत तोंड घालून गप्प पडलेले.

“हा,” पोरगी म्हणाली. “नागपंचमीच्या आधीपासनं जागा हाय. आबा म्हणले काढून टाक, बाकीच्यांना नासवंल. मी म्हणलं, आसू द्या, त्याला झोप येत न्हाई म्हणून.”

बाईंनी पातीला बोट लावून पाहिलं. आबा माझ्याकडे बघत होते, मी चाळीच्या पत्र्याकडे.

मग बाई उठल्या आणि हात झटकले. “हस्तलिखित अजून बांधलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “पहिलं पान मी मोकळं ठेवते. पण तुझ्या अक्षरात लिहायची. आणि उद्या वर्गात मी सांगते ही तुझी आहे म्हणून. त्या दिवशी जिथून बोलले होते, त्याच जागी उभी राहून.”

“आडनावासकट?”

“आडनावासकट. हस्तलिखित शाळेबाहेर जात नाही.”

मी हे लगेच लिहून घेतलं. नाव कुठं ठेवावं याचं एवढं चोख उत्तर आमच्या समितीला दोन बैठकांत सुचलं नव्हतं.

पोरगी हसली नाही. फक्त विचारलं, “शाईपेनानं का बॉलपेनानं?” आणि बाई म्हणाल्या, शाईपेनानं.

आता फ्लेक्सचं काही कारण उरलं नव्हतं. आबांनी स्वतःहून कबूल केलं, “उतरवतो उद्या.” आणि खरंच उतरवला. माझ्या वहीत मी खूण करणार होते, पण दोन दिवसांनी चाळीवर गेले तर फ्लेक्स चाळीच्या पश्चिमेच्या अंगाला बांधलेला. पाऊस तिकडून आत येत होता.

“चांगला जाड हाय, बाई. वहिनींनी माल एक नंबर वापरलाय. वाया कशाला घालवायचा?”

“निदान उलटा बांधा, आबा.”

“उलटा बांधला तर रंग आतनं कांद्याला लागंल.”

मी तरी एका बाजूनं समाधान मानलं. चाळीच्या मागच्या बाजूला कोण बघतंय? पण भाव वर गेला, आबांनी झोपलेले उठवले, आणि टेम्पो भरताना पुन्हा आभाळ आलं. टेम्पोवाल्याकडे ताडपत्री नव्हती.

फ्लेक्स मालावर बांधला, आणि नात गॉगलसकट, सोनेरी अक्षरांत, नगरच्या मार्केटला गेली.

त्या दिवशी दुपारी मी अहवालावर सह्या घ्यायला आबांकडे बसले होते. फोन वाजला. आबांनी स्पीकरवर टाकला. कुणी ट्रकवाला होता.

“आवो, मी तुमच्या कांद्याच्या टेम्पोमागं अडकलोय. लई मोठी लाईन हाय. कविता चार वेळा वाचून झाली. पुढची कुठं हाय?”

“तेवढीच हाय.”

“मग तो जागा कांदा ह्याच गाडीत हाय का?”

“न्हाई, तो घरी हाय. पोरीनं डब्यात लावलाय.”

“आसं का? बोलायला द्या की पोरीला.”

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग ताठ बसले.

“पोरीशी बोलता येणार न्हाई,” ते म्हणाले. “पोरगी नऊ वर्षांची हाय. कवितेत तुमाला काय दिसलं ते मला सांगा, मी तिला सांगतो. आन् तुमी मूळचे कुठले?”

ट्रकवाला वैजापूरकडचा निघाला. पाहुणा मात्र निघाला नाही, म्हणून आबांनी फोन लवकर ठेवला. पण त्याला काय दिसलं ते विचारून घेतलं होतं: त्याला आपली गाडीच्या केबिनमधली झोप दिसली. नातीला निरोप पोचवण्यात आला.

अहवाल शाळेला दिला. त्यात वेबसाइट योग्य असल्याचं लिहिलं, अटी लिहिल्या, आणि माझ्या आग्रहावरून शेवटी एक अट वाढवली: हेच नियम फ्लेक्सलाही लागू राहतील. आबांनी त्यावर सर्वांत आधी सही केली. हस्तलिखित बांधून झालं, पहिल्या पानावर निळ्या शाईत कांदे झोपलेत, खाली पूर्ण नाव. पेढेवाल्या नावबहिणीनं शेवटच्या पानावर त्याच कांद्याचं चित्र काढलंय, तेही चांगलं आहे.

टेम्पो नगरहून परत आला, पण फ्लेक्स घेऊन आला नाही. टेम्पोवाला म्हणतो, मार्केटात एकाच्या लसणावर झाकायला दिला, तो आणून देईल. तो लसूणवाला कुठला हे त्याला आठवत नाही. आबा रोज फोन लावतात.

माझ्या वहीत ह्या कामात एवढी एकच ओळ खुणेवाचून आहे: फ्लेक्स परत आणणे. जबाबदारी: आबा. मुदत: तीनदा वाढवली.